डाव्या भुवईवरची खाच

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. माईने मला देवापुढच्या दिव्यावर हात धरायला लावून तसं कबूल करून घेतलं आहे. पण ती 'सांगू नको' म्हणाली होती, 'लिहू नको' म्हणाली नव्हती. आणि मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. वर्गात बाईंनी उभं केलं की माझा आवाज घशातच राहतो. वहीत मात्र सगळं नीट उतरतं. तेच तर झालं.

संध्याकाळचे सात वाजत आले आहेत. लाईट गेली आहे, म्हणून पुढ्यात मेणबत्ती लावली आहे. खिडकीतून वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो आहे. ओहोटी असल्यामुळे समुद्र लांब गेला आहे. त्याचा आवाज इथे फार बारीक येतो, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसा.

आमचं गाव घिवलीच्या पुढे, अगदी किनाऱ्याला. माई म्हणजे माझी मोठी मावशी. आई बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि तिची पाळी बदलत असते, म्हणून शाळा सुटली की मी माईकडे असते. माईच्या अंगात येतं. दर रविवारी दुपारी तिच्याकडे माणसं येतात, कधीकधी पार डहाणूहूनसुद्धा. कुणाचा मुलगा दर्यात गेलेला असतो, कुणाची सून घर सोडून गेलेली असते. येताना नारळ आणि ओंजळभर तांदूळ आणतात. बाकी माई काही घेत नाही.

आता खरी गोष्ट लिहिते. माईच्या अंगात काही येत नाही. तिला जे कळतं ते माझ्याकडून कळतं.

आलेली माणसं आधी ओट्यावर बसतात. मी त्यांना पाणी देते आणि कोपऱ्यात अभ्यासाची वही घेऊन बसते. मी कोपऱ्यात बसले की लोकांना मी दिसेनाशी होते. ती आपापसात सगळं बोलतात. मग मी आत जाते आणि माईसमोर ठेवायचं ताट लावते. त्यात खुणा असतात. नारळाची शेंडी माईकडे म्हणजे ज्याच्याबद्दल विचारायला आलेत तो माणूस जिवंत आहे. शेंडी दाराकडे म्हणजे गेला. जास्वंदीची फुलं जितकी तितकी मुलं. सुपारी ताटाच्या काठाला लावलेली असली म्हणजे जपून बोल, माणूस संशयी आहे. ताटावर लाल फडकं घालून मी ते नेऊन ठेवते, माई फडकं काढते, बघते आणि घुमायला लागते.

माईचा एक नियम आहे. आधी आम्ही दोघींनी काहीही ठरवलेलं असो, शेवटचं ताट खरं. कारण आयत्या वेळी ओट्यावर काहीतरी नवीन कळू शकतं.

"आपण कुणाला लुबाडत नाय," माई म्हणते. "मान्सं रडत येतात, हलकी होऊन जातात. डाक्टर तरी अजून काय करतो?"

मला त्यात पाप वाटत नव्हतं, गंमत वाटायची. शाळेत एकदा जादूगार आला होता. त्याने रिकाम्या डब्यातून कबुतर काढलं तेव्हा सगळी मुलं कबुतराकडे बघत होती आणि मी डब्याच्या बुडाकडे. माझं लक्ष तसंच जातं.

दसऱ्याच्या आधी प्रफुल्लदादा दर्यात गेला. तो आमच्या मागच्या घरातला. मोठ्या भावाच्या, एकनाथभाऊंच्या बोटीवर जायचा. पहाटे जाळं ओढताना तो बोटीच्या मागच्या टोकाला होता. भाऊंनी वळून पाहिलं तर नव्हता. आवाज नाही, पाणी उडालेलं नाही, काही नाही. बाकीच्या बोटींनी चार दिवस शोधलं.

त्याची बायको म्हणजे दमयंतीवहिनी. दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी त्याचं ताट वाढून ठेवू लागली आणि तो आल्याशिवाय जेवायचं नाही म्हणून किनाऱ्यावर जाऊन बसू लागली. दिवाळी झाली तरी तेच. तिच्या हातातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत मागे सरकायच्या.

एका संध्याकाळी एकनाथभाऊ माईकडे आले. मी चुलीपाशी होते. मी त्यांनाही दिसले नाही.

"माई, सोमवारी क्रिया करायची म्हणतोय. पुतळा करून ठेवलाय. पन ती त्याचा शर्ट द्यायला तयार नाय."

आमच्याकडे दर्यात गेलेल्याचा देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, अंगात त्या माणसाचा शर्ट घालतात आणि त्याला अग्नी देतात. मग तो सुटतो, असं म्हणतात. पण बायकोला 'हो' म्हणावं लागतं.

"मग मी काय करू?" माई म्हणाली.

"तुमी सांगितलं तर ऐकंल. त्याच्या तोंडून सांगा. मी गेलो, मला सोडव म्हणून." भाऊ उंबऱ्यावर टेकले. "दोन म्हयने झाले, माई. पोटात अन्न नाय. काल गुडघाभर पाण्यात उभी होती, भरती लागली तरी हलंना. मी ओढून आणली. एक दिवस मी नसंन तवा?"

माईने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "आणि तो आला परत तर?"

"एवढा दर्या हाय…" भाऊ म्हणाले आणि उठले.

म्हणून शनिवारी माईने मला डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी दिली आणि वहिनीकडे पाठवलं. "जेवली तर बघ. आणि बाकीपण बघ," ती म्हणाली. बाकीपण म्हणजे काय ते मला समजलं. माईला प्रफुल्लदादासारखं बोलायचं होतं, आणि त्यासाठी फक्त त्या दोघांनाच ठाऊक असलेलं काहीतरी हवं होतं.

वहिनी दारातच बसली होती. शेजारी प्रफुल्लदादाच्या चपला, पुसून ठेवलेल्या.

"बस गो हेमाली. माईनं पाठवलं काय?"

मी आत बसले. चुलीजवळ झाकलेलं ताट होतं. मी काही विचारलं नाही. मी गप्प बसले की माणसं आपोआप बोलतात, हे मला माहीत आहे. थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, "ह्यांना भाकरीचा करपलेला पापुद्रा लागतो. मी मुद्दाम करपवते." मग म्हणाली, "वल्या दोरीचा वास आला की शिंकतात. दर्यावरचा मानूस आणि दोरीला शिंकतो! मी हसते तर रागावतात." मग तिने फोन काढला आणि मला एक फोटो दाखवला. गेला त्या दिवशी बोटीत चढताना दादाने स्वतःच काढून तिला पाठवलेला. हसतो आहे, मागे बोट आहे आणि डाव्या भुवईच्या मधोमध केस नसलेली एक खाच आहे.

"हे काय?" मी विचारलं.

"ल्हानपणी बोटीची कप्पी लागली. देवानंच वाचवला डोळा."

मला अजून एक गोष्ट हवी होती. "दादा तुला काय हाक मारायचा, वहिनी?"

ती फोटोकडे बघत राहिली. मग फोन पदराखाली ठेवला. भाकरी खाल्ली नाही.

घरी येऊन मी विज्ञानाच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं नीट लिहून काढलं. करपलेला पापुद्रा आवडतो. ओल्या दोरीच्या वासाने शिंक येते. डाव्या भुवईवर खाच. हाकेची ओळ रिकामी राहत होती. ते बरं दिसेना, म्हणून मी तिथे मनानेच लिहिलं: बायकोला दमू म्हणतो.

माईला वाचून दाखवलं. भुवईचं तिने सोडून दिलं. "ते जगाला दिसतं, त्याचा उपेग नाय," ती म्हणाली. बाकीचं तिने पाठ केलं. "मग ठरलं. शेंडी दाराकडे."

रविवारी दुपारी खिडक्या लावून घेतल्या. आत उदाचा धूर इतका की डोळे चुरचुरत होते. माई पाटावर, समोर एकनाथभाऊ आणि वहिनी. मी मागच्या खोलीत ताट लावलं. फूल एकही नाही, कारण मूल नाही. सुपारी मधोमध. शेंडी दाराकडे. वर लाल फडकं.

नियमाप्रमाणे ओट्यावर शेवटचा कानोसा घेऊन मी ताट आत न्यायला निघाले आणि उंबऱ्यापाशी थांबले. तिथे वहिनीच्या चपला होत्या. त्यांच्या शेजारी प्रफुल्लदादाच्या. ती त्या बरोबर घेऊन आली होती. आत तिचा आवाज ऐकू येत होता, ती भाऊंना हळूच सांगत होती, "आला तर अनवाणी कसा येईल घरी…"

मी फडक्याखाली बोट घातलं आणि नारळ फिरवला. अर्धा फेरा. एवढंच.

माईने फडकं काढलं. तिने नारळाकडे पाहिलं, मग क्षणभर माझ्याकडे. मी खाली बघितलं. ती घुमायला लागली. केस सुटले, आवाज खाली खाली गेला आणि पुरुषी झाला. मला ठाऊक होतं की तो आवाज ती घशात हवा धरून काढते, तरी माझ्या हातावर काटा आला.

"दमू…"

वहिनी दचकली.

"दमू… पापुद्रा करपवून ठेव. मी हाय…"

"कुठं?" वहिनी पुढे सरकली. "कुठं हाव तुमी?"

"मी हाय… येतो… मला जाळू नको…"

एकनाथभाऊ उभे राहिले. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. ठरलेलं असं नव्हतं. पण वहिनीसमोर काय बोलणार?

बाहेर आल्यावर वहिनी चपला घालताना स्वतःशीच म्हणाली, "ह्यांनी मला कदी दमू नाय म्हटलं." मग दादाच्या चपला हातात घेतल्या. "मनात म्हणत असतील." त्या संध्याकाळी ती घरी गेली आणि जेवली. तिच्या घरातून ताटाचा आवाज आला तेव्हा आळीतल्या बायका उंबऱ्यात येऊन ऐकत राहिल्या.

माईने मला आत ओढलं. "फोन आला काय कुणाचा? काय कळलं?"

मी आयुष्यात पहिल्यांदा माईशी खोटं बोलले. "ओट्यावर कुणीतरी म्हणत होतं… गुजरातच्या बोटीला एक माणूस सापडलाय."

"कोण म्हणत होतं?"

"चेहरा नाही पाहिला."

माईने विश्वास ठेवला. ती म्हणाली, वही जाळून टाक, काम झालं. मी जाळली नाही. तिच्या पुढच्या बाजूला माझे प्रकाशाचे धडे होते.

क्रिया झाली नाही. पुतळा एकनाथभाऊंनी सुरूच्या झाडांत, जाळी ठेवायच्या खोपीत तसाच टाकला. वहिनीने शर्ट दिला नव्हता, म्हणून भाऊंनी त्याला स्वतःचा निळ्या चौकटींचा जुना शर्ट चढवला होता.

नवव्या दिवशी प्रफुल्लदादा आला.

दुपारचे बारा वाजले असतील. मला परीक्षेची सुट्टी होती आणि मी माईबरोबर वाळूत सुकत घातलेले बोंबील उलटत होते. ऊन इतकं स्वच्छ होतं की प्रत्येक बोंबलाची सावली वेगळी मोजता आली असती. कावळ्यांचा नेहमीसारखा गोंधळ चालला होता. तो एकदम थांबला. मी मान वर केली. कावळे उडाले नव्हते. सगळे एकाच दिशेला चोची करून बसले होते, सुरूच्या झाडांकडे.

झाडांतून एक माणूस चालत आला. अनवाणी. पाय जपून टाकत होता, वाळू पहिल्यांदाच पायाखाली आल्यासारखा. वहिनीने त्याला आमच्याआधी ओळखलं. ती धावली नाही. आत गेली, चपला घेऊन आली आणि त्याच्या पुढ्यात ठेवल्या. त्याने पाय घातले. बरोबर बसल्या. मग सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि रडारड सुरू झाली.

"कुठं होतास रे?" एकनाथभाऊंनी त्याचे खांदे धरून विचारलं.

त्याने खूप वेळ विचार केला. "हाय ना आता," तो म्हणाला. मग वहिनीकडे बघून म्हणाला, "दमू."

बाकीचं लोकांनीच भरून काढलं. गुजरातच्या ट्रॉलरने उचलला असेल. डोक्याला मार बसला असेल, म्हणून आठवत नाही. कुणी ट्रकवाल्याने बोईसर नाक्यावर सोडला असेल. तो प्रत्येकाला मान हलवून "हो" म्हणत होता. त्याच्या अंगात निळ्या चौकटींचा शर्ट होता. भाऊंनी तो दोन बोटांत धरून पाहिला.

"असे शर्ट बाजारात ढिगानं मिळतात," ते म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी त्याच्या अगदी जवळून गेले तेव्हा मला वास आला. माशांचा नाही, डिझेलचा नाही. वाळलेल्या गवताचा.

आणि त्याच्या डाव्या भुवईवर खाच होती.

यात नवल काही नव्हतं. मीच तसं लिहिलं होतं. पण दोन दिवसांनी मी वहिनीकडे मिरच्या द्यायला गेले तेव्हा भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे लक्ष गेलं. मी फोटोतल्या दादासारखी उभी राहिले, मनात डावा हात वर केला, मग उजवा. फोटोतली खाच उजव्या भुवईवर होती.

मी वहिनीकडे तिचा फोन मागितला. बोटीतला तो फोटो मोठा करून पाहिला. दादाच्या मागे बोटीचं नाव होतं आणि त्याची सगळी अक्षरं उलटी होती. आरशात दिसतात तशी. पुढच्या कॅमेऱ्याने स्वतःचा फोटो काढला की काही फोन तो उलटाच साठवतात. प्रकाशाच्या धड्यात मी आरशाच्या प्रतिमेची आकृती काढली होती, बाणांसकट, दहापैकी दहा. आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर मी डावी-उजवी चुकले होते.

खऱ्या प्रफुल्लदादाची खाच उजवीकडे होती. परत आलेल्याची डावीकडे आहे. आणि ती डावीकडे आहे हे जगात फक्त माझ्या वहीत लिहिलेलं होतं. माईसुद्धा ते बोलली नव्हती.

मी तेव्हा घाबरले का? खरं सांगायचं तर नाही. मला ते डब्याचं बूड दिसल्यासारखं झालं. त्याच्यावर लक्ष ठेवावंसं वाटू लागलं. तो पापुद्रा आवडीने खायचा. दोरीपाशी गेला की शिंकायचा, पण दोरी सुकी असली तर नाही. दमू, दमू म्हणून हाका मारायचा. आणि त्यापलीकडे काही नव्हतं. वडील कसे गेले हे त्याला माहीत नव्हतं. बोटीवर नेला तर मध्येच उभा राहिला, हात कुठे ठेवायचे ते कळत नसल्यासारखा. दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि माझ्याकडे बघायचा. मी कोपऱ्यात बसले की कुणाला दिसत नाही. त्याला दिसायचे.

"हेमाली," एकदा त्याने विचारलं, "मी पोहायला कुणाकडून शिकलो गो?"

"मला कसं ठाऊक असणार, दादा?"

"नाय ठाऊक?" तो म्हणाला. नाराज झाला नाही. नुसता वाट बघत बसला.

त्या संध्याकाळी मी एक प्रयोग केला. मागच्या पानावर, चौथ्या ओळीखाली एक नवी ओळ लिहिली: जाळं विणताना जीभ दातांत धरतो. ही सवय माझी आहे, लिहिताना. मुद्दाम तीच निवडली, म्हणजे योगायोग म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पाण्याला आली ती हसतच. "बघ जा तुझ्या दादाला. ल्हान पोरासारखी जीभ काढून बसलाय!"

मी गेले नाही. मी आधी सुरूच्या झाडांतल्या खोपीत गेले. खोपीत पुतळा नव्हता. वाळूत लांबट खळगा होता, त्यात दर्भाच्या चार काड्या. एकनाथभाऊ म्हणतात, पुतळा भरतीने नेला. पण त्या खोपीपर्यंत भरती येत नाही. म्हणूनच तर जाळी तिथे ठेवतात.

मग मात्र मला राहवेना. मी माईला सगळं सांगितलं. नारळ फिरवल्याचं, ओट्यावर कुणीही काही म्हणालं नव्हतं त्याचं, वहीचं. माई मासे साफ करत होती. तिची सुरी थांबली ती थांबलीच. ती मला मारेल असं वाटलं होतं.

"म्हंजे… कुणीच सांगितलं नव्हतं तो जिता हाय म्हणून?"

"नाही, माई."

"वही जाळलीस?"

"नाही."

तिने डोळे मिटले. बाहेरून वहिनीचं हसणं ऐकू येत होतं. तिचे हात आता भरले आहेत, बांगड्या मनगटावर घट्ट बसतात. माई ते हसणं संपेपर्यंत थांबली. मग फार हळू म्हणाली, "जाळू नको. पाणी लागू देऊ नको. उंदीर लागू देऊ नको. आणि कुणाला सांगायचं नाय. दमयंतीला तर मरंस्तवर नाय." मग तिने माझा हात दिव्यावर धरला.

मी वही पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि महिनाभर तिला हात लावला नाही. सगळं ठीक चाललं असतं. पण काल मी वहिनीकडे गेले तर भिंतीवर फक्त खिळा होता. लग्नाचा फोटो नव्हता.

"पुसायला काढलाय," वहिनी म्हणाली.

फोटो कपाटामागे होता, तोंड भिंतीकडे करून. त्याच्यावर धूळ नव्हती. मी वहिनीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. तो ओट्यावर बसून जाळं विणत होता.

"हेमाली," ती अगदी कुजबुजत म्हणाली, "मानूस आरशात बघितला की उलटा दिसतो ना गो?"

"हो."

"तसंच असंल," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. ती करपेपर्यंत बघत राहिली.

तिला ठाऊक आहे. किती दिवसांपासून, ते मला माहीत नाही. ती रोज त्याला वाढते, त्याच्याशी हसते आणि रोज तिला ती खाच समोर दिसते. ही चूक माझी आहे. बाकी सगळं राहू दे, पण एवढं एक तरी मला नीट करता येईल, म्हणजे तिला फोटो परत लावता येईल. काल रात्रभर हाच विचार डोक्यात होता.

म्हणून आज लाईट गेल्यावर मी पेटी उघडली. हे सगळं मी त्याच वहीत, त्याच पानापासून पुढे लिहिते आहे. समोर ती तिसरी ओळ आहे. पट्टी ठेवून मी 'डाव्या' हा शब्द आत्ताच खोडला आहे, एक सरळ रेघ, बाईंना आवडते तशी. त्याच्यावर आता 'उजव्या' लिहायचं आहे. पण पेन टेकवल्यावर मनात आलं की दोन शब्दांच्या मधल्या या एवढ्याशा वेळात त्याच्या भुवईवर नक्की काय

बाहेर ओट्यावर चपला वाजल्या. तो आला आहे. दाराशी उभा आहे आणि सावकाश हाक मारतो आहे, "हेमाली… मेणबत्ती घेऊन बाहेर ये गो जरा. माझ्या डोळ्याच्या वर काय झालंय बघ… हाताला काहीच लागत नाय…" मी उठते. फक्त एक शब्द लिहायचा राहिला आहे, तेवढा लिहून, उ